जिम्नीला मोठे टायर: किती मोठे आणि कुठल्या रिमवर

मोठे टायर घालायचे म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्याला मी आधी उलटा प्रश्न करते: गाडी घेऊन जातोस कुठे? बहुतेकांचं उत्तर एकच असतं. चांदणी चौकातून पौड, पुढे मुळशी, ताम्हिणी. नाहीतर पानशेत, वेल्हे. फार तर भोरवरून वरंधा घाट. म्हणजे नव्वद टक्के डांबर, तेही पावसात ओलं, आणि शेवटचे दोन-चार किलोमीटर मुरूम, चिखल, ओढ्यातले गोटे. टायर या हिशेबाने निवडायचा. व्हिडिओत कोणीतरी वाळवंटात गाडी उडवतो आहे, त्या हिशेबाने नाही.

माझी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत, तपासणी विभागात. दिवसभर हातात व्हर्नियर. त्यामुळे ‘बसेल हो मॅडम, काही होत नाही’ हे वाक्य मला सोसत नाही. बसेल म्हणजे किती मिलिमीटर जागा ठेवून बसेल? स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर बसेल का? मागचं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना बसेल का? खाली सगळी उदाहरणं माझ्या गाडीची, म्हणजे मारुतीच्या पाच दरवाज्यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह जिम्नीची आहेत. थार किंवा गुरखा असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

आधी जात, मग आकार

बाजूवर एच/टी, ए/टी, एम/टी अशी अक्षरं दिसतात. एच/टी म्हणजे डांबरावरचा टायर, कंपनीतून बहुधा हाच येतो. ए/टी दोन्हीकडचा. एम/टी खास चिखलाचा, मोठ्या ठोकळ्यांचा, ठोकळ्यांमध्ये रुंद मोकळी जागा ठेवलेला.

दिसायला एम/टी रुबाबदार, यात वाद नाही. पण ओल्या डांबरावर रस्त्याला टेकणारं रबरच त्याचं कमी. जुलैत ताम्हिणीच्या उतारावर समोर एसटी आली आणि ब्रेक दाबला, की हा फरक कळतो. वर आवाज. कोथरूड ते हिंजवडी रोज तो घूं-घूं ऐकायची तयारी आहे का, हे घरच्यांनाही विचारा. आणि आपली काळी माती अशी चिवट, की ती एकदा खाचांत गच्च बसली की एम/टीसुद्धा पेढ्यासारखा गुळगुळीत होतो. मग ए/टी काय आणि एम/टी काय, दोघेही जागेवरच फिरतात. एम/टीची किंमत वसूल होते ती सैल, खोल चिखलात, जिथे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. असा चिखल वर्षातून किती वेळा तुमच्या वाट्याला येतो, ते तुम्हीच मोजा.

ओल्या, शेवाळलेल्या काळ्या कातळावर तर ठोकळ्यांपेक्षा मऊ रबर आणि कमी हवा जास्त उपयोगी पडते. माझा कौल सरळ ए/टीला.

आकाराचं गणित

जिम्नीच्या झीटा आणि अल्फा या दोन्ही प्रकारांत कंपनीचा टायर १९५/८० आर १५. झीटाला स्टीलची डिस्क, अल्फाला अलॉय. आकडे वाचायची रीत अशी: १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंचीची साइडवॉल, १५ हा रिमचा व्यास इंचांत. साइडवॉल झाली १५६ मिमी. तिची दुप्पट ३१२, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की टायरची पूर्ण उंची ६९३ मिमी.

आता दुकानात जे पर्याय पुढे ठेवतात ते याच रीतीने काढून पाहा. २१५/७५ आर १५ ची उंची होते ७०३ मिमी आणि थोडं वर, म्हणजे मूळ टायरपेक्षा दीड टक्का जास्त. २३५/७५ आर १५ होतो साधारण ७३३ मिमी, जवळजवळ सहा टक्के जास्त. आणि ३० गुणिले ९.५ या इंची मापाचा टायर ७६२ मिमी, सरळ दहा टक्के जास्त. (हा शेवटचा पर्याय इथेच सोडून देते. तो घालणाऱ्याला हा लेख वाचायची गरज नसते. त्याचा ठरलेला फॅब्रिकेटर असतो.)

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो तो जमिनीपासूनच्या उंचीचा. टायर ४० मिमी उंच झाला म्हणजे गाडी ४० मिमी उचलली गेली नाही. अॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे मिळते निम्मी उंची. २३५ ला २० मिमी, २१५ ला जेमतेम ५. जिम्नीला मुळात २१० मिमी आहेच. जिम्नीचे दोन्ही अॅक्सल सरळ, सलग, मध्ये डिफरन्शियलचा (वळणावर दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा) गोळा. सस्पेन्शन लिफ्ट करून हा गोळा वर जात नाही, तो फक्त टायर उंच केल्यावरच जातो. त्यामुळे हे २० मिमी खोटे नाहीत, पण त्यांची किंमत किती मोजायची ते बघा.

पहिली किंमत ताकदीची. जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही ४००० आरपीएमला. टायर सहा टक्के उंच म्हणजे प्रत्येक गिअर सहा टक्क्यांनी लांब झाला. चार माणसं आणि सामान घेऊन वरंधा चढताना जो चढ आधी तिसऱ्यात निघत होता तो आता दुसऱ्यात काढावा लागेल. त्यात टायरचं वजनही वाढतं. दुकानात घरचा वजनकाटा घेऊन जा, जुना आणि नवा टायर त्यावर ठेवा. लोक हसतील, हसू द्या. एकेका चाकामागे चार-पाच किलोचा फरक पडू शकतो, आणि हे वजन नुसतं बसून नसतं, ते फिरवायचंही असतं आणि थांबवायचंही. ब्रेक मात्र तेच राहतात.

दुसरी किंमत मीटरची. २३५ वर मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडीचा वेग मूळ टायरच्या तुलनेत ८४-८५ असेल. किलोमीटरही कमी नोंदले जातील. ‘मोठे टायर घातले आणि अॅव्हरेज फारच पडलं’ म्हणून रडणाऱ्यांनी आधी हे सहा टक्के परत मिळवावेत, मग रडावं.

२१५ ला यातलं काहीच जाणवण्याइतकं नाही. मग ५ मिमीसाठी बदलायचं कशाला? कारण फायदा उंचीचा नाही, पकडीचा आणि साइडवॉलच्या टिकाऊपणाचा आहे. २० मिमी जास्त रुंदी, ए/टीची नक्षी आणि बहुतेक ए/टी टायरांची जाड कड. आणि हा मूळच्या साडेपाच इंची रिमवर बसतो. रिम बदलायलाच नको. पुण्याभोवती फिरणाऱ्या, रोज ऑफिसला जाणाऱ्या जिम्नीला याच्यापुढे जायचं कारण मला तरी दिसत नाही.

ज्यांना रिमही मोठी हवी आहे त्यांच्यासाठी एक उदाहरण महिंद्राचं. २०२० ची थार आली तेव्हा स्टील रिमवर २४५/७५ आर १६ आणि अलॉयवर २५५/६५ आर १८ अशी दोन मापं होती. दोन्हींच्या उंचीत फरक १५ मिमीचा. पण १६ इंचीला साइडवॉल १८४ मिमी मिळते, १८ इंचीला १६६. दगडांत हवा कमी करून चालवायची तर दबायला रबर लागतं, म्हणून जाणकार लहान रिम शोधतात. शोरूममधली चमकणारी मोठी रिम ऑफ-रोडला उलट कमीच कामाची.

रिम: चार मापं, चारही जुळली पाहिजेत

२३५ वर जायचं ठरवलंच असेल तर रिम बदलावी लागेल. या टायरला किमान ६ इंच रुंद रिम लागते आणि जिम्नीची आहे साडेपाच. अरुंद रिमवर रुंद टायर दुकानदार चढवून देतो, हवाही भरतो, पण टायरचा मधला भाग फुगून तेवढाच रस्त्याला टेकतो आणि वळणावर साइडवॉल लोळते. म्हणून दुकानात जाताना ही मापं कागदावर लिहून न्या.

पहिलं पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. जिम्नीचा ५ भोकं, १३९.७ मिमी. पाच भोकांच्या रिमवर हा व्यास थेट मोजता येत नाही, कारण समोरासमोर भोक येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. जिम्नीला हे अंतर ८२ मिमीच्या किंचित वर आलं पाहिजे. जुन्या जिप्सीचा पीसीडीही हाच, म्हणून जिप्सीच्या रिमा जिम्नीला खपवल्या जातात. भोकं जुळतात हे खरं. बाकीची तीन मापं जुळतात का ते बघा.

दुसरं सेंटर बोअर, मधलं मोठं भोक. हबचा उंचवटा १०८ मिमीचा आहे. रिमचं भोक याहून लहान असेल तर रिम बसणारच नाही. मोठं असेल तर बसेल, पण रिमचं केंद्र हबवर न धरता केवळ नटांवर धरलं जाईल, आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागेल. फरक भरायला रिंग मिळते. ती अचूक मापाची घ्या.

तिसरी रुंदी आणि चौथा ऑफसेट. ही दोन एकत्रच पाहायची. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते अंतर. रिमच्या मागे ‘ईटी’ म्हणून कोरलेलं असतं. जिम्नीची मूळ रिम ५.५ इंच, ईटी ५. समजा दुकानदार ७ इंची, ईटी ० ची अलॉय दाखवतो आहे. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे ३८ मिमी, निम्मी निम्मी दोन्हीकडे १९. ऑफसेट ५ ने कमी झाला म्हणून सगळी रिम ५ मिमी बाहेर सरकली. हिशेब: बाहेरची कड २४ मिमी बाहेर, आतली १४ मिमी आत. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पैसे देऊ नका. आत सरकलेली कड स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर पुढच्या सस्पेन्शनच्या लांब आर्मला घासते. बाहेर सरकलेली कड बंपरच्या कोपऱ्याला आणि मडफ्लॅपला लागते, चिखल दारांवर फेकते आणि बेअरिंग, किंगपिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीवर) जास्त ताण देते. ६ इंची, ईटी ० घेतली तर बाहेर ११ मिमी आणि आत एकच मिलिमीटर सरकते. २३५ साठी मला ही जास्त शहाणी वाटते.

स्पेसर लावून जागा करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

नट विसरू नका. जिम्नीचे एम १२, पिच १.२५. नटाची बसायची जागा तिरपी असते आणि रिमची खोबणही तशीच हवी. काही अलॉयना सपाट वॉशरचे नट लागतात. ते इथे चालत नाहीत.

स्टील की अलॉय? आपल्याकडच्या दगडांत स्टीलची डिस्क वाकते, हातोड्याने निदान घरी पोचण्यापुरती सरळ करता येते. ओतीव अलॉय तडकते. अलॉय घ्यायचीच तर मागच्या बाजूला किती किलोचा भार कोरला आहे ते आणि जेडब्ल्यूएलचा (अलॉय रिमच्या जपानी मानकाचा) शिक्का पाहा. काहीच कोरलेलं नसेल तर ती भिंतीवर टांगायला चांगली.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए नव्याने लिहिलं गेलं. नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्या एआरएआयच्या टेकडीवर आपण सकाळी पाय मोकळे करायला जातो तिथे गाड्यांच्या मंजुरीच्या चाचण्या होतात, त्या काही गंमत म्हणून नाही. ‘सगळेच घालतात’ हे विमा कंपनीच्या सर्व्हेअरला सांगून उपयोग नसतो. त्यामुळे कंपनीच्या मापापासून जितकं लांब जाल तितकी जोखीम तुमची. मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक तर लांबूनच दिसतं. विमा कंपनी आणि सर्व्हिस सेंटर दोघांना आधी लेखी विचारून घ्या. मूळ मापातच चांगला ए/टी मिळत असेल, तर ज्याला कटकट नको त्याने तोच घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

दुकानात

नाना पेठेत फिरा, दोन-तीन ठिकाणी भाव घ्या, पण टायर समोर आणून ठेवल्यावर घाई करू नका. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते. ‘३२२४’ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळत असेल तर तो स्वस्त का आहे, हे त्या चार आकड्यांतच लिहिलेलं असतं. आयएसआयचा शिक्का पाहा.

मापाशेजारी भाराचा आकडा असतो. मूळ टायरला ९६, म्हणजे एका टायरवर ७१० किलो. नवा याच्या खाली नको. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. वर कितीही चालेल असं वाटतं, पण मापाआधी ‘एलटी’ लिहिलेले, छोट्या ट्रकसाठीचे टायर बाराशे किलोच्या जिम्नीला उगाच कडक होतात. खड्ड्यांत पाठ मोडते आणि हवा कमी केली तरी टायर दबत नाही.

पाच घ्या. चार नाही. जिम्नीला पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर) टाकली की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकाच वेगाने फिरतो. एक टायर लहान, बाकीचे मोठे, असं झालं तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (दोन्ही अॅक्सलना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) जातो. १९५ ची स्टेपनी मागे टांगून २१५ वर फिरणारे पंक्चर झाल्यावर टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) हळूहळू घरी येऊ शकतात, पण पंक्चर होतं ते बहुधा जिथे फोर-व्हील लागतं तिथेच. २३५ घेणाऱ्यांनी पाचवं चाक मागच्या दारावर टांगून बंपर आणि नंबरप्लेटशी अंतर पाहावं. दाराच्या बिजागरीचं तर नाकापेक्षा मोती जड होतं, ते वेगळंच.

पाचही टायर एकदम चढवू देऊ नका. ‘आधी एक चढवून बघू, घासला तर बाकीचे घेणार नाही’ हे भाव करतानाच ठरवा. तो एक पुढे डावीकडे लावा. आतल्या प्लॅस्टिकला, आर्मला आणि बंपरच्या कडेला पाटीवरचा खडू फासा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून गाडी पुढे-मागे घ्या. मग ते चाक फुटपाथवर किंवा पार्किंगच्या उतारावर तिरकं चढवा आणि पुन्हा कापा, कारण सपाट जमिनीवर न घासणारा टायर सस्पेन्शन दबल्यावर घासतो. खडू कुठे पुसला गेला ते पाहा. नंतर तेच चाक मागे लावून पुन्हा. २१५ ला खडू शाबूत राहायला हवा. २३५ ला लिफ्टशिवाय बहुधा राहणार नाही. दोन इंची लिफ्ट, प्लॅस्टिकची काटछाट, हे खर्च टायरच्या बिलात आधीच धरा.

चढवल्यावर

नट एअर गनने ठोकून झाले की टॉर्कचा पाना मागा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर, एक सोडून एक अशा क्रमाने, स्वतःसमोर घट्ट करून घ्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नवी रिम बसते तशी नट थोडे सैल होतात.

अलाइनमेंटवाला कॅम्बर-कॅस्टरचे कागद दाखवेल. जिम्नीच्या सरळ अॅक्सलला तिथे फिरवता येतो फक्त टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते. बाकीचे आकडे वाचून पैसे मागितले तर देऊ नका. साठ-सत्तरच्या आसपास एखाद्या खड्ड्यानंतर स्टेअरिंग जोरात डावी-उजवीकडे झटके द्यायला लागलं, तर आधी बॅलन्सिंग, मग किंगपिन बेअरिंग. जड टायर जुनी ढील उघडी पाडतात. नुसता स्टेअरिंग डॅम्पर बदलून ती झाकली जाते, जात नाही.

हवा दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापासून सुरू करा. खडूची आडवी रेघ टायरवर ओढून सरळ रस्त्यावर थोडं अंतर जा. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. गोट्यांत आणि चिखलात उतरताना १८ पीएसआयपर्यंत खाली आणा, चाकाखालचा ठसा लांबतो आणि पकड इतकी बदलते की टायरचं माप विसरायला होतं. १५ च्या खाली साध्या रिमवर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर परतण्याआधी हवा भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा कंप्रेसर गाडीत हवाच. आणि हे सगळं मळलेल्या वाटेवर. सासवडकडच्या माळावर नक्षी उमटवायला जाऊ नका. ते गवत ओसाड दिसतं, पण तिथे लांडगे राहतात.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही टायर, स्टेपनी धरून, जागा बदलत फिरवा, म्हणजे सगळे सारखे झिजतात. मूळची पाच चाकं भंगारात किंवा ऑनलाइन लगेच काढू नका. वॉरंटीचा वाद, गाडी विकताना, किंवा नवे टायर नकोसे झाले तर तीच लागतात. रिमसकट असतील तर आडवी, एकावर एक ठेवा. नुसते टायर असतील तर उभे ठेवून महिन्या-दोन महिन्यांनी थोडे फिरवा. वर ऊन येणार नाही अशी जागा हवी, आणि सोसायटीच्या जिन्याखाली ठेवायचे असतील तर आधी सेक्रेटरींना विचारा.